वाग्गेयकार, हिंदुस्थानी संगीतातील

वाग्गेयकार म्हणजे गीताचे शब्द आणि त्यांची स्वररचना ही दोन्ही स्वतः करणारा रचनाकार. ‘वाक्’ म्हणजे शब्द व ‘गेय’ म्हणजे गाण्याजोगी स्वररचना. या दोन अंगांना प्राचीन शास्त्रकारांनी अनुक्रमे ‘मातू’ व ‘धातू’ अशा संज्ञा दिल्या आहेत. हिंदुस्थानी संगीताच्या व्यवहारात या रचनाकारास सामान्यतः ‘बंदिशकार’ म्हणतात.

पाश्चात्त्य संगीतात रचनाकार प्रथम व वादक-गायक नंतर, असा क्रम आहे. मोट्सार्टच्या हस्तलिखितांवरून त्याच्या रचनांची कालानुक्रमे सूची लुडव्हिख फोन केखेल याने १८६२ मध्ये प्रसिद्ध केली आणि तीत पुढे भर पडत गेली. अमुक कृती त्याने कोणत्या वर्षी, कोठे व कोणासाठी रचली, हे अभ्यासकास बहुधा सांगता येते. कर्नाटक संगीतातही त्यागराज (१७६७–१८४७), मुत्तुस्वामी दीक्षित (१७७५–१८३५) व श्यामा शास्त्री (१७६२–१८२७) या त्रिमूर्तींच्या कृती शिष्यपरंपरेने त्यांच्या नावानिशी जतन केल्या आहेत. हिंदुस्थानी संगीतात मात्र मैफल ज्याची, त्याचे नाव राहते. त्याने गाइलेली बंदिश कोणाची, हा प्रश्न श्रोत्यांस क्वचितच पडतो व गायकासही पुष्कळदा त्याचे उत्तर ठाऊक नसते. परिणामी येथे रचनाकाराचे चरित्र बखरीत किंवा पत्रव्यवहारात शोधण्याऐवजी त्याच्या रचनेतच शोधावे लागते. आणि ती रचनाही मुखपरंपरेने आलेली असल्याने ती प्रथम पारखून घ्यावी लागते. चरित्र व कार्य यांचा येथे वेगवेगळा विचार करता येत नाही, तो या कारणाने.

वाग्गेयकाराचे सर्वांत सुस्पष्ट शास्त्रीय विवेचन महाराष्ट्राच्या भूमीवर झाले, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी हिशेबखात्याचा अधिकारी असलेल्या शार्ङ्‌गदेवाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर हा ग्रंथ रचला. त्याच्या प्रकीर्णक अध्यायात वाग्गेयकाराची लक्षणे येतात. व्याकरण, कोश, छंद व अलंकार यांचे ज्ञान, रस-भावांची जाण, देशोदेशींच्या रीती व भाषा यांची ओळख, लय, ताल व कला यांवर प्रभुत्व, मनोहर आवाज, शीघ्र रचना करण्याचे सामर्थ्य, दुसऱ्याचे मन ओळखण्याची शक्ती, रागद्वेषापासून अलिप्तता आणि इतरांनी वापरलेली उक्ती उष्टी म्हणून टाळण्याचा आग्रह, अशा गुणांची त्याची अपेक्षा आहे. शब्द व स्वर या दोहोंत निपुण तो उत्तम. स्वररचनेत सरस परंतु शब्दांत मंद तो मध्यम. आणि शब्द रमणीय पण स्वररचना दुबळी असेल तो अधम, अशी प्रतवारी तो करतो. शब्द दुबळे असले तरी चालतील, स्वररचना दुबळी चालणार नाही, असा त्याचा स्पष्ट कौल आहे आणि ख्यालगायकीच्या पुढील सर्व इतिहासाने तो उचलून धरला आहे.

दुसऱ्याने केलेल्या स्वररचनेवर केवळ शब्द बसविणाऱ्यास शार्ङ्‌गदेव ‘कुट्टिकार’ म्हणतो व त्यास वाग्गेयकारात गणीत नाही. मराठी वाचकाने या शब्दापाशी क्षणभर थांबावे. १८८० मध्ये रंगभूमीवर आलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतल पासून पुढे अनेक नाट्यपदे आधीच प्रचलित असलेल्या चालींवर रचली गेली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या संगीत स्वयंवर (१९१६) मधील पदांच्या चाली भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनी दिल्या आणि त्यांतील कित्येक पारंपरिक बंदिशींवर आधारलेल्या होत्या. शास्त्रीय काटा लावला, तर मराठी नाट्यपदकारांपैकी बहुतेक कुट्टिकार ठरतील. त्यात त्यांचा कमीपणा मानण्याचे कारण नाही. एका अपरिचित भाषेतील बंदिश त्यांनीच महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचविली. मात्र या देवघेवीत मूळ बंदिशकाराचे नाव गळून गेले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत झाडीपट्टी रंगभूमीने संगीत नाटकाची आवड टिकवून धरली. तेथील प्रेक्षकास नाटककार ठाऊक असतो, पद पाठ असते. ज्या बंदिशीच्या सांगाड्यावर ते पद उभे आहे तिचा कर्ता मात्र अज्ञात असतो. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाची स्थितीही याहून फारशी वेगळी नाही.

मुद्रा व कर्तृत्व : बंदिशीच्या बहुधा अंतऱ्यात रचनाकार आपले टोपणनाव गुंफतो, तिला मुद्रा किंवा छाप म्हणतात. कर्तृत्वाचा हा पहिला पुरावा होय. मुहंमदशाह या मोगल बादशाहाच्या (कार. १७१९–४८) दरबारातील बीनकार न्यामतखाँ यांची ‘सदारंग’ व त्यांचे आप्त आणि शिष्य फिरोजखाँ यांची ‘अदारंग’ या मुद्रा सर्वश्रुत आहेत. सदारंगांच्या अनेक ख्यालांत स्वतःच्या मुद्रेसह बादशाहाचेही नाव येते. त्यावरून आश्रयदाता, काळ व दरबारातील स्थान या तिन्ही गोष्टींचा उलगडा होतो. निजामुल्मुल्काबरोबर दख्खनेतून दिल्लीस गेलेल्या दर्गाहकुली खान याने मुरक्का-इ-दिल्ली या फार्सी ग्रंथात न्यामतखाँच्या बीनवादनाची व रचनाकौशल्याची वाखाणणी केली आहे. बंदिशीतील पुरावा व समकालीन ग्रंथ यांचा असा मेळ बसण्याची उदाहरणे विरळाच.

परंतु मुद्रा हा निर्णायक पुरावा नव्हे. सदारंगांची कीर्ती एवढी झाली, की पुढील रचनाकारांनी आपल्या बंदिशींत आदराने वा प्रतिष्ठेसाठी त्यांचीच मुद्रा घातली. या मुद्रेने आज गाइल्या जाणाऱ्या सर्व ख्यालांचा कर्ता एकच होता, असे मानता येत नाही. उलटपक्षी, मुद्रा नसलेली बंदिश कोणा थोर रचनाकाराची असू शकते, कारण अंतरा विसरला गेला की त्याबरोबर नावही जाते. मुद्रेखेरीज भाषेचा पुरावा असतो. बहुतेक बंदिशी ब्रज भाषेत असून त्यांत राजस्थानी, पंजाबी वा पूर्वी बोलींची मिसळ आढळते. मात्र घराण्यांच्या वह्या पुष्कळदा उर्दू लिपीत असत आणि त्या लिपीत ऱ्हस्व स्वर लिहिले जात नसल्याने एकाच शब्दाची दोन-तीन वाचने संभवतात. अर्थ न कळता पाठ केलेले शब्द पिढीगणिक झिजतात, ते वेगळेच. तिसरा पुरावा स्वररचनेचा : रागाचे कोणते अंग पुढे केले आहे, मुखडा कोठून उठतो, सम कोणत्या अक्षरावर येते, यांवरून रचनेचा काळ व घराणे यांचा अंदाज बांधता येतो. एकाच बंदिशीचे दोन घराण्यांतील पाठ शेजारी ठेवले, तर शब्द तेच पण सम निराळ्या अक्षरावर, असा अनुभव येतो. अशा वेळी शब्द व स्वर यांची सांगड ज्या पाठात अधिक स्वाभाविक, तो मूळच्या जवळचा मानावा, एवढेच म्हणता येते.

मुद्रांवरून कुलवृत्तांतही कळतो. अत्रौलीचे मेहबूबखाँ ‘दरसपिया’, त्यांचे जामात व बडोद्याचे राजगायक फैयाजखाँ (मृ. १९५०) ‘प्रेमपिया’ आणि आग्रा घराण्याचेच विलायत हुसेनखाँ (१८९५–१९६२) ‘प्राणपिया’, ही ‘पिया’-परंपरा नात्यागोत्याबरोबर वाढली. विलायत हुसेनखाँनी संगीतज्ञों के संस्मरण (१९५९) या ग्रंथात जुन्या कलावंतांच्या आठवणी नोंदविल्या. घराण्याच्या आतून लिहिलेले असे चरित्रसाधन दुर्मिळ आहे. आठवणींत गौरवाचा भाग असायचाच, तो वगळून वाचण्याची दक्षता घ्यावी लागते. महाराष्ट्रात स्थायिक झालेले अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) ‘अहमदपिया’ या मुद्रेने रचना करीत. त्यांनी आपले गायन ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही. त्यामुळे जयपूर-अत्रौली गायकीच्या प्रवर्तकाचा विचार आज सर्वस्वी शिष्यांच्या गळ्यातून व त्यांनी जपलेल्या बंदिशींवरूनच करावा लागतो.

बंदिश ही घराण्याची मिळकत समजली जाई. ती मुलास मिळे, जावयास आंदण म्हणून दिली जाई, शिष्यास अपुरी शिकविली जाई. या वृत्तीस केवळ कोतेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. संस्थानिकाच्या मर्जीवर जगणाऱ्या कलावंताजवळ दुसरे भांडवल नव्हते. पण जो उस्ताद निपुत्रिक व शिष्यहीन वारला, त्याच्याबरोबर त्याचा संग्रह नाहीसा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दरबार ओस पडू लागले, तेव्हा हा धोका शतपट वाढला.

भातखंडे यांचे संग्रहकार्य : विष्णु नारायण भातखंडे (१० ऑगस्ट १८६०–१९ सप्टेंबर १९३६) यांचा जन्म मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. ते व्यवसायाने वकील होते. १८८४ पासून मुंबईच्या पारशी गायनोत्तेजक मंडळीशी त्यांचा संबंध आला व तेथे येणाऱ्या कलावंतांकडून त्यांनी शेकडो ध्रुपदे व ख्याल शिकून घेतले. १९०० मध्ये पत्नीचे व १९०३ मध्ये एकुलत्या कन्येचे निधन झाल्यावर त्यांनी वकिली सोडली आणि उर्वरित आयुष्य संगीतसंशोधनास वाहिले. १९०४ मध्ये त्यांनी दक्षिणेचा दौरा केला. एट्टयपुरम् येथे त्यांची सुब्बराम दीक्षितांशी भेट झाली. मुत्तुस्वामी दीक्षितांच्या कृती स्वरलिपीसह देणारा सुब्बरामांचा संगीत संप्रदाय प्रदर्शिनी हा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. एका वाग्गेयकाराचे कार्य त्याच्या घराण्यातील व्यक्तीने नावानिशी छापून लोकांपुढे ठेवले आहे, असे दृश्य उत्तरेत कोठेही नव्हते. पुढील वर्षांत भातखंड्यांनी पूर्व व उत्तर हिंदुस्थान पालथा घातला.

उस्तादांनी दिलेला प्रतिसाद एकसारखा नव्हता. जयपूरच्या मनरंग परंपरेतील मुहंमद अलीखाँ ‘कोठीवाल’ यांच्या घराण्यातील सु. ३०० बंदिशी त्यांस मिळाल्या व त्यांनी त्या फोनोग्राफवर उतरवून घेतल्या. ग्वाल्हेरच्या एकनाथ पंडितांनी आपल्या परंपरेतील ख्याल दिले. रामपूरच्या नवाब हमीद अलीखाँचे तर त्यांनी शिष्यत्व पत्करले, कारण सेनिया परंपरेतील रचना त्या दरबाराबाहेर सहजी येत नव्हत्या. कोठे विनंती, कोठे मैत्री, कोठे गंडाबंधन, तर कोठे द्रव्य, अशा मार्गांनी हा संग्रह उभा राहिला. हिंदुस्तानी संगीत क्रमिक पुस्तक मालिका या नावाने तो १९२० नंतर सहा भागांत प्रसिद्ध झाला. शेवटचे भाग त्यांच्या निधनानंतर निघाले. त्यांत अठराशेंहून अधिक बंदिशी आहेत.

या संग्रहाचे महत्त्व जितके निर्विवाद, तितक्याच त्याच्या मर्यादा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. भातखंड्यांची स्वरलिपी सुबोध आहे : कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली व तार स्वरावर बिंदू, मींड दाखविण्यास कमान, कंसातील स्वर म्हणजे मागच्या-पुढच्या स्वरांसह घ्यावयाची छोटी गुंडाळी. त्यायोगे बंदिशीचा सांगाडा निश्चित होतो. दरबारी कानड्यातील आंदोलित गंधार किंवा मुखडा उचलण्यापूर्वीचा किंचित थांबा मात्र या चिन्हांत मावत नाही. शिवाय बंदिश कोणाकडून मिळाली, याची नोंद प्रत्येक ठिकाणी दिलेली नाही. संग्राहकाने कायदेपंडिताच्या काटेकोरपणाने साक्षी जमविल्या, पण साक्षीदारांची नावे छापताना हात आखडला, असे खेदाने म्हणावे लागते. याचे एक कारण उघड आहे. पुष्कळांनी आपले नाव प्रकट न करण्याच्या अटीवरच मोल देण्याजोगी वस्तू दिली असली पाहिजे.

भातखंडे स्वतः वाग्गेयकार होते, हे त्यांच्या शास्त्रकार या प्रतिमेआड झाकले गेले. ‘चतुर’ या मुद्रेने त्यांनी लक्षणगीते रचली. रागाचा थाट, वादी-संवादी, वर्ज्य स्वर व समय ही माहिती त्याच रागात बांधलेल्या गीताच्या शब्दांत गुंफणे, असे या प्रकाराचे स्वरूप असते. शब्दांना काव्यगुण बेताचा. शार्ङ्‌गदेवाच्या मोजमापाने ही रचना मध्यम प्रतीची ठरेल. तथापि रागाचे चलन तीत इतके नेमके उतरलेले असते, की विद्यार्थ्यास सोदाहरण व्याख्याच हाती येते. दुसऱ्यांची नावे काळाच्या तडाख्यातून सोडविणाऱ्या या माणसाने स्वतःचे नाव मात्र लपविले. श्रीमल्लक्ष्यसंगीतम् (१९१०) हा संस्कृत ग्रंथ त्यांनी ‘चतुरपंडित’ या नावाने लिहिला आणि हिंदुस्तानी संगीत पद्धती या आपल्या संवादरूप मराठी ग्रंथात त्याची चर्चा जणू तो अन्य कोणाचा असावा, अशा थाटाने केली.

रातंजनकर व खैरागढ : भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर (मृ. १४ फेब्रुवारी १९७४) यांच्या ठायी संग्राहक, शिक्षक व रचनाकार या तिन्ही भूमिका एकवटल्या. जन्माने मुंबईकर असलेल्या रातंजनकरांनी आरंभी कृष्णंभट्ट होनावर व अनंत मनोहर जोशी यांच्याकडे आणि पुढे बडोद्यास फैयाजखाँकडे शिक्षण घेतले. त्यामुळे भातखंड्यांची शास्त्रदृष्टी व आग्रा घराण्याची बोलअंगाची लयकारी त्यांच्या बंदिशीत एकत्र आढळतात. लखनौच्या मॅरिस कॉलेजचे (स्थापना १९२६) ते अनेक वर्षे प्राचार्य होते. कृष्णराव गिंडे, एस्. सी. आर्. भट, दिनकर कायकिणी, चिदानंद नगरकर, सुमती मुटाटकर हे त्यांचे नामवंत शिष्य होत.

१९५७ मध्ये खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरुपद त्यांनी स्वीकारले. ‘सी. पी. अँड बेरार’ या जुन्या प्रांताच्या वारशातून हे विद्यापीठ उभे राहिले. त्याची स्थापना १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली, तेव्हा खैरागढ व गोंदिया ही दोन्ही गावे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेश राज्यात होती. १ नोव्हेंबर रोजी राज्यपुनर्रचना होऊन त्यांच्यामध्ये सीमा आली. खैरागढच्या राजघराण्याने आपल्या दिवंगत राजकन्येच्या नावे विद्यापीठासाठी राजवाडा दिला होता. गोंदियाहून पूर्वेस जाणारा लोहमार्ग सालेकसा, दरेकसा करीत डोंगरगडास पोहोचतो आणि तेथून खैरागढ जवळ आहे. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याच्या दृष्टीने संगीताचे सर्वांत निकटचे विद्यापीठ आजही महाराष्ट्रात नसून छत्तीसगढात आहे.

रातंजनकरांच्या ‘सुजान’ मुद्रेच्या रचना अभिनवगीतमंजरी या ग्रंथाच्या तीन भागांत संगृहीत आहेत. ख्याल, ध्रुपद, धमार, तराणा, चतुरंग यांबरोबरच कर्नाटक पद्धतीचा वर्णम् हा प्रकार त्यांनी हिंदुस्थानी रागांत आणला. गोवर्धनोद्धारसारखी संगीतिकाही रचली. मार्गबिहाग, केदारबहार, सावनी केदार, सालगवराळी, रजनीकल्याण हे राग त्यांच्या नावाशी निगडित आहेत. त्यांच्या बंदिशीत शब्दाचा आघात व तालाची मात्रा एकमेकांस अडत नाहीत आणि मुखडा समेकडे ओढून न्यावा लागत नाही. आवाजाची साथ उत्तरायुष्यात कमी झाल्याने मैफलीचे गायक म्हणून त्यांस योग्य तो मान मिळाला नाही. या एका बाबतीत त्यांचे चरित्र उद्बोधक आहे. जेथे मैफल म्हणजेच कीर्ती, तेथे गळा थकलेला रचनाकार हयातीतच विस्मृतीत जाऊ शकतो. त्यांच्या बंदिशी मात्र ‘सुजान’ कोण हे ठाऊक नसलेल्या गायकांच्याही ओठी आहेत.

स्वातंत्र्योत्तर काळातील रचनाकारांबाबत साधनांची टंचाई उरली नाही. जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणिदास’ (१९०४–६८) यांनी जोगकौंसाचे प्रचलित रूप सिद्ध केले आणि त्यांच्या बंदिशी राम मराठे, जितेंद्र अभिषेकी, चिंतामण रघुनाथ व्यास प्रभृती शिष्यांनी प्रसृत केल्या. व्यासांनी (१९२४–२००२) पुढे ‘गुणिजान’ ही मुद्रा घेतली; शिष्याच्या मुद्रेत गुरूच्या मुद्रेचा नाद ठेवण्याचा हा प्रघात चरित्रकारास उपयोगी पडतो. कुमार गंधर्व (१९२४–९२) क्षयरोगाच्या उपचारासाठी १९४८ मध्ये देवासला गेले. अनेक वर्षे गाणे बंद होते. त्या काळात कानी पडलेल्या माळव्याच्या लोकधुनांतून त्यांनी मालवती, लगनगंधार, सहेली तोडी, संजारी यांसारखे ‘धुनउगम’ राग सिद्ध केले. अनूपरागविलासचा पहिला भाग १९६५ मध्ये निघाला. आजारपणाने रचनाकार घडविला, हे विधान मात्र सैल आहे. आजारपणाने त्यांस माळव्यात नेले व ऐकण्यास सवड दिली. लोकधुनेतील चार-पाच स्वरांत रागाचे बीज ओळखण्याची शक्ती त्यांनी बा. र. देवधरांच्या तालमीतूनच बरोबर नेली होती.

संगीताच्या परीक्षांतून जीवनचरित्रे हा स्वतंत्र प्रश्न असतो व बंदिशी प्रात्यक्षिकात विचारल्या जातात. विद्यार्थी सनावळी एका वहीत व स्वरलिपी दुसऱ्या वहीत उतरवितो आणि या दोन वह्यांची गाठ पडत नाही. ‘चतुर’ म्हणजे भातखंडे, हे पाठ असूनही लक्षणगीत गाताना तो शब्द एक विशेषण म्हणून उच्चारला जातो. शिक्षकाने बंदिश देतानाच ती कोणाकडून, कोणत्या पाठाने आली ते सांगितल्यास बराच गोंधळ टळेल.

मुद्रांच्या इतिहासातील एक विसंगती अखेरीस नोंदविली पाहिजे. बहुसंख्य ख्याल-ठुमऱ्यांत बोलणारी व्यक्ती स्त्री आहे. विरहिणी, मानिनी, सासू-नणंदेच्या धाकातील सून, पाणवठ्यावरील गौळण, अशी तिची रूपे आहेत. मात्र अंतऱ्यातील ‘पिया’ हा शब्द जोडलेले नाव बहुधा पुरुषाचे असते. शतकानुशतके या बंदिशी गाणाऱ्या स्त्री-कलावंतांनी स्वतः रचना केल्या नसतील, हे संभवत नाही; पण त्यांच्या वह्या संग्राहकांच्या हाती क्वचितच लागल्या आणि त्यांच्या मुद्रा रूढ झाल्या नाहीत. प्रभा अत्रे (१९३२–२०२४) यांनी आपल्या बंदिशी स्वरलिपीसह स्वरांगिनी, स्वररंजनी आदी ग्रंथांतून स्वतः प्रसिद्ध केल्या व मैफलीत त्या स्वतःच्या म्हणून सांगून गाइल्या. अश्विनी भिडे-देशपांडे यांच्या रागरचनांजलीचा पहिला भाग २००४ मध्ये व दुसरा २०१० मध्ये निघाला. या संग्रहांबरोबर रचनाकर्तीच्याच आवाजातील मुद्रणे उपलब्ध आहेत. त्यामुळे सदारंगांच्या बाबतीत अभ्यासकास ज्या तीन पुराव्यांची जुळवाजुळव करावी लागते, ती येथे करावी लागत नाही.